दाजीपूरच्या नाक्यावर

आमच्या ह्यांना रानाचा नाद. नोकरीत असताना कधी रंकाळ्याच्या पलीकडं फिरायला नेलं नाही, पण निवृत्त झाल्यावर ठरवलं की अंगात चालायची ताकद आहे तोवर देशातली जमतील तेवढी राष्ट्रीय उद्यानं बघायची, आणि मला बरोबर घेऊन त्यांनी ती खरोखर दाखवली. काझीरंग्याचं गवत मी पाहिलं, ज्यात गेंडा बसला तर दिसत नाही आणि उठला की धुक्यातून एखादा खडक वर यावा तसा वाटतो. कान्ह्याची सालाची झाडं पाहिली, सरळसोट, पहाटे त्यांच्यामधनं ऊन तिरकं खाली येतं तेव्हा कुणी बोलूच नये असं वाटतं. सुंदरबनात चिखलातून वर आलेली मुळं पाहिली. गीरचं ते पिवळं, कोरडं, काटेरी रान पाहिलं, आणि पेरियारच्या पाण्यात उभे वाळलेले बुंधे, प्रत्येकावर एकेक पाणकावळा पंख वाळवत बसलेला. एकाच देशात इतकी वेगवेगळी रानं, आणि प्रत्येकाचा वास वेगळा. पण एक गोष्ट सगळीकडं सारखीच. फाटकाशी गाडी थांबते, खाकी कपड्यातला माणूस आत डोकावतो, सीटांवरनं नजर फिरवतो, आणि माझे कान तापतात. मी पाय जवळ ओढून घेते. हे म्हणतात, "अगं, परमिट आहे आपल्याकडं." असतं. तरी दांडा वर जाईपर्यंत मी त्या माणसाच्या डोळ्यांत बघू शकत नाही.

आमचं घर मंगळवार पेठेत होतं. खाली दोन खोल्या, वर माडी, मागं न्हाणीघर आणि दगडी चूल मांडायला पुरेल एवढं परडं. आबांचं उद्यमनगरात लेथ मशीनचं वर्कशॉप होतं. त्यांच्या हातांना ऑईलचा वास कायम असायचा आणि तो मला आवडायचा. सकाळी सायकलवरनं दूध आलं की आई चहा टाकायची, आबा ओट्यावर बसून बशीतनं तो प्यायचे, रस्त्यानं जाणारा प्रत्येकजण त्यांना हाक मारून जायचा आणि आबा प्रत्येकाला तितक्याच मोठ्यानं उलटी हाक मारायचे. आमच्या घरात हळू कुणी बोलतच नसे. आबा मोठे, त्यांचा आवाज मोठा, त्यांचं हसणं तर गल्लीच्या टोकाला कळायचं. गावाकडं थोडी शेती होती, त्या शेतीच्या राखणीच्या नावावर त्यांच्याकडं बारा बोअरची परवान्याची बंदूक होती. ती माडीवर कपाटात असायची. शेतात तिचा बार झालेला मी कधी ऐकला नाही.

नवरात्रात घरात मांसाचं नाव निघत नसे. दसरा झाला की मात्र आबा आणि त्यांचे मित्र शामरावकाका दर रविवारी पहाटे जीप काढायचे. जीप संध्याकाळी परतायची आणि गल्लीत कानोकानी बातमी पसरायची. "आज रानातलं हाय," एवढंच लोक एकमेकांना म्हणायचे, ससा की साळिंदर की भेकर की आणखी काय, हे कुणी विचारायचं नाही. परड्यात चूल पेटायची. आबा स्वतः लुंगी वर खोचून पातेल्यापाशी उभे राहायचे. आई पाट्यावर सुकं खोबरं, तीळ, खसखस, लसूण वाटून द्यायची. वाटताना पाट्याचा खरड खरड आवाज यायचा, त्यावर शामरावकाकांच्या गप्पा, आणि रस्सा उकळायला लागला की सगळ्या गल्लीला ठसका. पंक्तीला पंधरा-वीस माणसं सहज. आमचे गुरुजी यायचे, वाणी यायचा, आत्या आपल्या पोरांना घेऊन यायची. वाटी घेऊन मी शेजारीपाजारी द्यायला जायची आणि दारातच सांगायची, "आमच्या आबांनी मारलंय." हे सांगताना मला केवढा अभिमान वाटायचा, ते आठवलं की आजही तोंड फिरवावंसं वाटतं.

आई ते खायची नाही. वाटण करायची, भाकरी थापायची, वाढायची, आणि सगळे उठले की दही-भाकरी घेऊन चुलीपाशी बसायची. तिचं माहेर गगनबावड्याकडचं. तिच्या घरामागं रान सुरू व्हायचं आणि पावसाळ्यात भेकरं परसातल्या भोपळ्याच्या वेलापर्यंत यायची, असं ती सांगायची. मी एकदा विचारलं, "मग तुझं वडील मारत न्हवते काय त्यास्नी?" ती म्हणाली, "हाकलायचे. भोपळा खाल्ला म्हणून शिव्या घालायचे. मारतील कशाला?" तिला ते इतकं उघड वाटत होतं की तिनं पुढं काही समजावलं नाही.

मी आठवीत होते तेव्हा हट्ट धरला की मलाही यायचंय. आई नको म्हणाली. आबांना मात्र गंमत वाटली. "येऊ दे की. बापाची पोरगी हाय. बघू दे रान कसं असतंय." माझा धाकटा भाऊ रडला, पण त्याला नेलं नाही, मलाच नेलं, आणि पुढच्या सीटवर आबा आणि शामरावकाकांच्या मधी बसून मी अंधारातच राधानगरीच्या रस्त्याला लागले.

ते रान मला कसं सांगावं कळत नाही. पुढं मी एवढी उद्यानं पाहिली, पण पहिलं पाहिलेलं हेच, आणि त्याच्यावर काही चढलं नाही. पाऊस नुकता संपला होता. झाडांच्या बुंध्यांवर शेवाळ इतकं जाड की हात लावला तर बोट रुतावं. धुकं खालच्या दरीतून वर यायचं आणि आमच्या पायांशी येऊन थांबायचं. सड्यावर, म्हणजे वरच्या त्या काळ्या सपाट खडकावर, पिवळी सोनकी लांबवर पसरलेली, मध्ये मध्ये तेरड्याचे गुलाबी पट्टे, आणि खडकाच्या खळग्यांत साठलेल्या पाण्यात सगळं आभाळ. डोक्यावर काहीतरी खडखडलं म्हणून वर पाहिलं तर शेकरू, तांबूस, आपल्या अंगाएवढी शेपूट घेऊन एका फांदीवरनं दुसऱ्या फांदीवर गेलं, मध्ये केवढंतरी अंतर होतं. दूर उतारावर गव्यांचा कळप चरत होता. काळे, डोंगराएवढे, आणि पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. मला ते मोजे बघून हसू आलं. मी सारखी आबांचा शर्ट ओढत होते. हे बघा, ते बघा. आबा "हूं, हूं" करत होते. त्यांची नजर जमिनीवर होती, खुरांच्या खुणांवर.

मग ओढ्यापाशी आम्ही दबून बसलो. बराच वेळ काही हललं नाही. माझ्या पायाला जळू लागली होती, तरी मी गप्प होते. आणि पलीकडच्या कारवीच्या झुडपांतून ते बाहेर आलं. शेळीएवढं, तांबडं, पाय इतके बारीक की वाटावं ह्यांच्यावर उभं कसं राहतं. त्यानं पाण्यात तोंड घातलं, वर उचललं, ओठांवरनं थेंब पडले, आणि त्याचा एक कान आमच्याकडं वळला. आबांनी ते पाहिलं नव्हतं. ते दुसऱ्या बाजूला बघत होते. मी त्यांच्या कानाशी लागून म्हणाले, "आबा, तिकडं बघा, किती छान हाय." मी बोट केलं. आबांनी माझ्या बोटाच्या रेषेत बंदूक फिरवली.

बार झाल्यावर रानात असा काही शुकशुकाट झाला की मला माझ्याच कानांत शिट्टी ऐकू येत होती. ते पाण्यात पडलं होतं. पाय अजून हलत होते. आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास," म्हणाले. "नजर हाय पोरीला." शामरावकाका हसले. मी उभी राहिले ती तशीच उभी राहिले. ओढ्याचं पाणी लाल होऊन माझ्या बाजूला येत होतं आणि मला तिथनं हलता येत नव्हतं. आतापर्यंत रस्सा खाताना कधी माझ्या मनात आलं नव्हतं की ते उभं असताना कसं दिसत असेल.

त्यांनी ते पोत्यात घातलं आणि जीपच्या मागच्या सीटखालच्या पेटीत ठेवलं. मला मागं बसवलं. दाजीपूरचा वनखात्याचा नाका जवळ आला तेव्हा शामरावकाका म्हणाले, "आज दांडा खाली हाय." एरवी त्या नाक्यावर कुणी नसायचं म्हणे. आबांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि घाईनं म्हणाले, "सुमे, आडवी हो. ताप आलाय तुला. डोळं झाक." मी आडवी झाले. सीटच्या पत्र्यातून पोत्याचा ओला वास येत होता.

गार्ड उतारवयाचा होता, कानाला मफलर. आबांचा आवाज मला ओळखूच येईना. मंगळवार पेठेत ज्यांची हाक दोन चौक ऐकू जायची ते आबा बारीक आवाजात बोलत होते, "पोरगीला ताप भरलाय वो. पावण्यांकडं आलतो, वाटंतच फणफणली. दवाखान्यात न्यायची हाय." एवढ्यावर दांडा वर होईल असं त्यांना वाटलं असणार. पण त्या माणसानं आत डोकावून मला पाहिलं आणि गाडी तपासायचं सोडून मागं वळून हाक मारली, "अगं ए, भायेर ये जरा. पोर आजारी हाय." नाक्यालगतच्या खोलीतून त्याची बायको पदराला हात पुसत धावत आली. आबा म्हणत होते, "नको वहिनी, उशीर हुतोय." ती म्हणाली, "उशीर कशाचा? पोर पांढरीफटक पडलीया. एक घोट पेज पिऊ दे, मग न्या." आणि तिनं मला उचललं. आठवीतल्या मुलीला कुणी उचलत नाही. तिनं उचललं.

खोलीत धूर होता. तिनं मला घोंगडीवर बसवलं, ताटलीत ऊन पेज ओतली, वर मीठ आणि लिंबाच्या लोणच्याची फोड ठेवली. "मी चंदगडची," म्हणाली, "आमच्यात आजाऱ्याला हेच. पी." मग माझ्या कपाळाला हात लावला. मग गालाला. मग गळ्याला. "अंग तर गार हाय गं तुझं. कुठं दुखतंय?" तिच्या हातात एवढी काळजी होती की मला रडू फुटलं. मी म्हणाले, "मला ताप न्हाय."

"मग?"

"सीटखाली भेकर हाय. आबांनी मारलंय. मी दाखवलं म्हणून मारलंय."

बाहेर आबा आणि गार्ड पावसापाण्याच्या गोष्टी करत होते, ते ऐकू येत होतं. मग ती माझ्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, "बाळ, हे तू मला सांगितलंस. मी आमच्या मालकांस्नी सांगितलं तर तुझ्या बाला धरून नेतील. न सांगता बी राहता येतंय मला, पर मग मला ह्यांच्या तोंडाकडं बघता यायचं न्हाय. तूच सांग. सांगू?"

एवढं कुणी मला त्याआधी विचारलं नव्हतं. मी मान हलवली. होकाराची.

गार्ड ओरडला वगैरे नाही. "पावणं, मागची सीट उचला," एवढंच म्हणाला. शामरावकाका मोठ्या मोठ्या लोकांची नावं घेऊ लागले, आमच्या ओळखी हायत, तुमची बदली हुईल. आबा त्यांना "गप की" म्हणाले. त्यांनी खोलीच्या दाराकडं पाहिलं. दारात मी त्या बाईच्या कमरेला धरून उभी होते. आबांना कळलं. त्यांनी स्वतःच्या हातानं सीट उचलली.

त्या दोघांना जीपसकट नेलं. आईला निरोप गेला आणि ती मामाबरोबर एसटीनं दुपार कलताना आली. तोवर त्या बाईनं माझी वेणी घातली होती. आईनं तिच्यापुढं हात जोडले. परतीच्या गाडीत आई खिडकीबाहेर बघत होती. राधानगरी मागं पडल्यावर म्हणाली, "खरं बोललीस. बरं केलंस. पर आता घरात कुणाला बरं वाटणार न्हाय. मला बी लगेच न्हाय वाटायचं. तेवढं सोस."

सोसावं लागलं. पेपरात बातमी आली, आबांच्या पूर्ण नावानिशी. आत्या दारातनंच ओरडत आली, "सोन्यासारख्या बापाला आत घातलंस गं तोंडानं!" आणि गल्ली, जिनं वर्षानुवर्षं आमच्या परड्यात ताटं चाटून पुसून खाल्ली होती, ती एका दिवसात निर्दोष झाली. वाणी म्हणाला, "आम्हाला काय ठावं? आम्ही बकऱ्याचं म्हणून खात हुतो." गुरुजींनी वर्गात वन्य प्राण्यांवर चार वाक्यं सांगितली आणि माझ्याकडं बघायचं टाळलं. माझ्या बाकावरची मुलगी पुढं जाऊन बसली. तिच्या आईला गुन्हेगाराची पोरगी शेजारी नको होती की बापाला धरून देणारी, हे मला कधी कळलं नाही. दोन्ही मीच होते. आबांची लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून माझी मला लाज वाटायची, आणि ह्या दोन्हींच्या खाली ते "शाब्बास" होतं, जे मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

आबा जामिनावर सुटून आले ते हलक्या आवाजाचे झाले. ओट्यावर बसणं थांबलं. चहा आत, भिंतीकडं तोंड करून. माझ्याशी ते बोलत नव्हते. रागावत नव्हते, मारत नव्हते, त्यांनी मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. जेवताना मीठ माझ्यासमोर असलं तर भावाला म्हणायचे, "तेवढं मीठ दे रे." भाऊ माझ्यापुढून हात घालून ते उचलायचा. असं सगळं वर्ष गेलं आणि पुढचंही बरंच. परड्यातली चूल पावसात ढासळली, कुणी पुन्हा मांडली नाही. आता कुणी विचारतं, मग तुम्ही मटण सोडलं असेल? नाही सोडलं. रविवारी आमच्याकडं अजून होतं. फक्त दारात वाटी घेऊन मी कधी कुणाकडं गेले नाही.

केस उभी राहिली तेव्हा वकील घरी आले. त्यांनी सगळं बसवून आणलं होतं. वाटेत एका अनोळखी माणसाला जीपमध्ये घेतलं, पोतं त्याचं, तो नाक्याअगोदर उतरून गेला. बार कुणी झाडला हे पाहिलेली एकटी मी. "बाळ, तू फक्त म्हणायचं की मी काही पाहिलं नाही. त्या बाईला घाबरून बोलले." शामरावकाका माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "शहाणी पोर हाय आमची." आई आतनं बाहेर आली. "ती कोर्टात खोटं बोलणार न्हाय," म्हणाली. काका म्हणाले, "मग नवऱ्याला घालवा आत." सगळ्यांनी आबांकडं पाहिलं. आबा भिंतीकडं बघत होते.

कोर्टात मी शाळेच्या गणवेशातच गेले होते, आईनंच सांगितलं होतं. बाकावर माझ्या पलीकडं ती नाक्यावरची बाई बसली होती, नवऱ्याबरोबर आलेली. तिनं मला ओळखलं आणि पिशवीतनं काजूची पुडी काढून माझ्या हातात दिली. ती मला खाता आली नाही आणि परतही देता आली नाही. काय बोलायचं हे मी रात्रभर ठरवलं होतं आणि तिथं पोचेपर्यंत विसरले होते. खरं बोलले तर आबा जाणार. खोटं बोलले तर ती बाई, जिनं मला उचललं, सगळ्यांसमोर खोटी ठरणार. माझं नाव पुकारलं. मी उठले.

तेवढ्यात आबा उभे राहिले. वकिलांनी त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवला. "साहेब," ते म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा जुना आवाज निघाला, सगळ्या कोर्टात गेला. "पोरगीला बोलवू नका. बंदूक माझी, बार माझा. शामरावनं बार टाकलेला न्हाय, पर बरोबर हुता. अनोळखी माणूस बिणूस कोण न्हवता. ह्या बाईंनी सांगितलं ते खरं हाय आणि पोरीनं सांगितलं ते बी खरं हाय." वकील खाली बसले. शामरावकाकांनी आबांना शिवी दिली, साहेबांनी ऐकू येऊनही न ऐकल्यासारखं केलं. मी अजून उभीच होते. मला कुणी बस म्हणालं नव्हतं.

शिक्षा झाली. पोलीस आबांना व्हरांड्यातून नेत होते, तेव्हा ते आमच्यापाशी थांबले. आईला त्यांनी वर्कशॉपच्या किल्ल्या कुठं आहेत ते सांगितलं. मग माझ्याकडं वळले. वर्षभरापेक्षा जास्त काळानंतर ते मला म्हणाले, "शाळा बुडली न्हवं आज तुझी?"

मी म्हणाले, "व्हय."

"जा मग. दुपारची तरी गाठ."

आईनं मला शाळेच्या फाटकापाशी सोडलं. मधली सुट्टी संपून गेली होती. वर्गाच्या दारात उभी राहिले, सगळ्यांच्या माना वळल्या. गुरुजींनी विचारलं, "एवढा उशीर? कुठं होतीस?"

मी म्हणाले, "कोर्टात. आबांनी भेकर मारलं होतं. आज त्यांनी ते कबूल केलं. त्यांना शिक्षा झाली."

मान वर ठेवून बोलायचं मला जमलं नाही. मी फरशीकडं बघून बोलले, आणि आवाजही फार मोठा निघाला नाही. पण शेवटच्या बाकापर्यंत तो गेला. गुरुजींनी फळ्याकडं तोंड केलं. बराच वेळ खडू हातात धरून ते तसेच उभे राहिले, मग न वळताच म्हणाले, "बस, सुमन."

मी जाऊन बसले.